बाराव्या खांबाची खोड

माझे वडील जुन्नरचे नावाजलेले सुतार. काम कितीही देखणं उतरलं तरी ते त्यात मुद्दाम एक बारीक उणीव ठेवत. दाराच्या वेलबुट्टीत एक पाकळी कमी, नाहीतर पाळण्याच्या एका पायाला नक्षीच नाही. दृष्ट लागू नये म्हणून. आमच्या घरात त्याला 'खोड' म्हणत, आणि खोड ठेवल्याशिवाय वडील हत्यारं आवरत नसत.

मी मुंबईला इमारतींचं शास्त्र शिकायला गेलो तेव्हा ही सवय माझ्याबरोबर आली. प्रत्येक नकाशात मी कुठेतरी एक रेघ चोरायचो. शिक्षकांच्या ती कधी ध्यानात आली नाही. सुटीत घरी कागद उलगडला की वडील मात्र एका नजरेत त्या जागेवर बोट ठेवायचे आणि मिशीत हसायचे.

वर्गात माझ्या शेजारी एका बड्या कंत्राटदाराचा मुलगा बसे. इंग्रजी फाडफाड, हात आळशी. पहिल्याच वर्षी मी घोडेगावजवळची एक जुनी विहीर मोजून काढली होती. त्याने माझं नाव खरवडलं, आपलं घातलं, आणि तो कागद शिक्षकांनी कौतुकाने भिंतीवर लावला. मी अडखळत्या इंग्रजीत सांगितलं की हा माझा आहे. तो म्हणाला, "याला धड बोलता येत नाही, नकाशा कुठला काढतोय?" सगळा वर्ग हसला. शिक्षकसुद्धा. माझ्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. कागदाच्या कोपऱ्यातलं ते नाव तेवढं होतं. बच्चमजी, मी मनात म्हटलं, तुझी खोड मोडली नाही तर सुताराचा मुलगा नव्हे.

संधी यायला तीन वर्षं लागली. शेवटच्या वर्षी आपापल्या मुलखातली एखादी जुनी वास्तू मोजून काढायची होती. मी आहुप्याच्या देवराईतलं लाकडी देऊळ निवडलं. तिथे वाळकी काटकीही मोडू देत नाहीत, म्हणून फितीचं टोक अडकवायला खुंटी मिळेना. शेवटी पुजारीबाबाच टोक धरून दिवसभर उभे राहिले. मंडपाला बारा खांब, प्रत्येकाखाली दगडी तळखडा, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल आणि वाळवी लागू नये म्हणून ठेवलेला दगड. मी बाराही तळखडे मोजले. कागदावर अकराच काढले.

ही नेहमीची खोड नव्हती. खांबाखालचा दगडच काढून घेतल्यावर पाकळीची गोष्ट राहत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो कागद मी वर्गातल्या टेबलावर उघडा टाकून दोन दिवस तापाचं सोंग घेऊन पडून राहिलो. परत आलो तेव्हा कागद गेलेला होता. वडिलांना दाखवायला म्हणून केलेली नक्कल मी शिक्षकांना दिली, ती मीच त्याच्यावरून उतरवली असं ठरलं, आणि मी जेमतेम पास झालो. त्याला बक्षीस मिळालं. मी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

दोन वर्षांनी जुन्नरच्या एका मारवाडी शेटजींनी जुन्या धाटणीची धर्मशाळा बांधायला काढली. कंत्राट वर्गातल्या त्या मुलाच्या बापाला मिळालं, नकाशा म्हणून तोच बक्षिसाचा कागद आला, आणि लाकूडकामाला बोलावले माझे वडील. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. खांब उभे करायच्या दिवशी रजा काढून आलो आणि मागे उभा राहिलो. देखरेखीला बापाच्या जागी तोच आला होता, साहेब होऊन, आणि शेजारी शेटजी होते.

अकरा तळखडे बसले. वडिलांनी कागद जवळ घेतला, लांब धरला. "साहेब, ह्यो बारावा खांब अनवाणी ठेवायचा?"

"काढलंय तसं करा, मिस्त्री. जुन्या पद्धतीत असंच असतं."

"ही पद्धत जुनी न्हाई राव, आमच्या घरची हाय. ह्यो कागद माझ्या पोराचा हाय."

शेटजींनी दोघांकडे पाहिलं. "मग खरा कुणाचा?"

मी पुढे झालो. "शेटजी, त्या देवळातल्या बाराव्या खांबाखाली काय आहे, एवढंच साहेबांना विचारा."

तो कागदाकडे पाहत राहिला. कागदावर काहीच नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांनी विनवलं. मी पानाला चुना लावत होतो. अख्ख्या आयुष्यात इतकं चविष्ट पान मी खाल्लं नाही.

मग मी सांगितलं. तिथला तळखडा इतरांसारखाच आहे, फक्त गावकरी त्यावर कोयत्याला धार लावतात, म्हणून त्याला पन्हळीसारख्या खाचा पडल्यात. शेटजींनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. तो दुपारच्या आत टांग्याने निघून गेला, आणि टांगा वळेपर्यंत मी रस्त्यातून हललो नाही.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. पाय धुताना वडील म्हणाले, "देवळात दगड हाय. मग कागदावर का न्हाई?"

"मुद्दाम. तो चोरणार हे ठाऊक होतं."

"आन् मी न्हाई म्हनलो नसतो तर? खांब सडून आढं खाली आलं असतं, तेच्याखाली कोन निजलं असतं?"

मी म्हणालो, त्याचं नाव तर बुडालं असतं. आजही खोटं कशाला सांगू, तेव्हा मला तेवढंच दिसत होतं.

बारावा तळखडा वडिलांनी दुसऱ्या दिवशी एकट्याने बसवला, मला हात लावू दिला नाही. धर्मशाळा पुरी झाली, नकाशाखाली माझं नाव लागलं. शेवटच्या दिवशी ते हत्यारं आवरू लागले तेव्हा मी विचारलं, "दादा, यात खोड कुठं ठेवलीत?"

पटाशी पुसत ते म्हणाले, "न्हाई ठेवली. तुजं नाव हाय की खाली."