माझ्याच बोलीवर माझी बोली

मंडळाच्या फिरत्या वहीत लिहिण्याचे धाडस करते, क्षमा असावी.

आज भिंगारला एका निवृत्त साहेबांच्या सामानाचा लिलाव होता. महाविद्यालयात सारे इंग्रजीतून शिकवतात, म्हणून मला त्यांचा शब्दकोश हवाच होता. बोली मामा बोलणार होते. पण विलायती वाइनची जुनी बाटली दीडशे रुपयांना घेऊन ते मित्रांना दाखवायला बाहेर गेले, आणि नेमका शब्दकोश पुकारला गेला.

“चार रुपये,” मी पुटपुटले.

“चार ना, ताई? मोठ्यानं बोला, समद्यांना ऐकू जाऊ द्या!” लिलाववाले म्हणाले.

“पाच रुपये!” घाबरून मी ओरडले.

“सोताच्याच बोलीवर चढताय व्हय?”

सगळे हसले. शब्दकोश मात्र मिळाला.

घरी बाटली उघडली, तर वाइन पार आंबलेली. तरी मामा म्हणतात, “तुझा रुपया वाया गेला.” मला तसे वाटत नाही. यापुढे माझी बोली मीच बोलेन. आणि तुम्ही?

दि. १२ नोव्हेंबर १९७२, सायंकाळी सात वाजता वही पुढे पाठवली.