आबांच्या बंदुकीची घासाघीस

माझ्या सख्ख्या वडिलांनी मला दोन वर्षं फसवलं, आणि त्यात कोल्हापूरचा एक बंदूक-मिस्त्री सामील होता.

आता मी काही सहज फसणारा माणूस नाही. एकोणीस वर्षांपूर्वी फिटर म्हणून दोहात उतरलो, एका खोलीत आठ जण राहिलो, आणि आज इंडस्ट्रियल एरियात माझं स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे. माझी गाडी दिसली की लोखंडाचा व्यापारी शटर अर्धं खाली घेतो. दाढ काढायला गेलो तेव्हा मी डॉक्टरला, "दोन काढल्या तर कितीला?" असं विचारलं होतं. (दुखत एकच होती.)

तर बंदूक. आजऱ्याजवळच्या आमच्या गावी आजोबांच्या काळापासूनची एक शिकारी रायफल होती. शिकार बंद झाली तेव्हा पिकं राखायच्या लायसन्सवर ती घरात राहिली, पुढे आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर आली. तिच्या गोळीच्या मापात आधी तीनशे हा आकडा येतो आणि मग कुठल्याशा इंग्रज साहेबाचं आडनाव. ही गोळी आता कुठे मिळत नाही. आबांकडे पाच उरल्या होत्या.

आई गेल्यावर आबा गावात एकटेच राहिले. दोहाला यायला तयार नव्हते. ("तितं झाड न्हाई, सावली न्हाई, मी बसू कुठं?") दर रविवारी ते दोन गोष्टी पुसायचे, आईचा फोटो आणि बंदूक. बंदूक गेली तर म्हातारा खचेल, ही माझी पक्की समजूत. बाकी मुलगा म्हणून माझं कर्तव्य मी चोख पार पाडत होतो. दर शुक्रवारी फोन. "आबा, जेवलात? औषध घेतलं? बरं, ठेवतो." दोन मिनिटं. घाईत असलो तर दीड.

अशाच एका शुक्रवारी मी "ठेवतो" म्हणणार, तोच आबा म्हणाले, "बाळू, बंदुकीचं काय करायचं रं? गोळी मिळंना. मिस्त्री म्हणतोय, गोळी बसायचं चेंबर वाढवून थर्टी-ओ-सिक्सचं करूया. ती गोळी मिळतीया."

"किती मागतोय?"

त्यांनी आकडा सांगितला आणि मी खुर्चीवरून उठलो.

"लुटतोय तुम्हाला! नुसतं रीमर फिरवून भोक मोठं करायचं काम! नंबर द्या त्याचा!"

त्या दिवशी आम्ही एक तास दहा मिनिटं बोललो.

मग सुरू झालं. रोज संध्याकाळी वर्कशॉपमधून अल अझीझियाला घरी येताना मी गाडीतून आधी मिस्त्रीला फोन करायचो, मग आबांना. दस्तगीर मिस्त्री मोठा गोड माणूस. मी ओरडलो की तो खोकायचा आणि पाचशे कमी करायचा. भाव ठरत आला की आबा नवीन शंका काढायचे.

"चेंबर झालं रं, पण ही गोळी लांब. मॅगझिनमदी बसंल काय?"

झालं! आठ दिवस मॅगझिनवर वाद.

"लोखंड जुनं हाय. दाब सोसंल काय?"

पंधरा दिवस दाबावर.

"लायसनवर माप जुनं. कलेक्टर हापिसात बदलून घ्यायला पायजे न्हवं? आनि नळीवर इंग्रजानं कोरलंय त्ये खोटं पडंल की."

तो पूर्ण महिना कोरीव अक्षरांवर गेला! मी संतापून फोन आपटायचो आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा सुचला म्हणून पुन्हा लावायचो. व्हिडिओ कॉलवर मला आबांचं फक्त कपाळ आणि घराचं आढं दिसायचं, कारण फोन धरायची त्यांची पद्धतच तशी. "बंदुकीचा बोल्ट ओढून बघा, सैल आहे का," असं मी म्हटलं की ते फोन बाजूला ठेवायचे आणि लांबून खाट्-खाट् आवाज यायचा.

"ऐकलास?"

"ऐकलं! सैल आहे! तुम्हाला तेल कमी घालायला सांगितलं होतं!"

एकदा इमारतीच्या जिन्यात आवाज जरा वाढला. ("मग गोळी अडकली तर काय करणार?" एवढंच वाक्य होतं.) खालचा नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, हळूच वर आला आणि माझ्या बायकोला विचारू लागला, "मॅडम, सब ठीक है?"

"सब ठीक है," वैशाली म्हणाली. "साब अपने पिताजी से प्यार से बात कर रहे हैं."

माझी अकरा वर्षांची इरा मान वर न करता म्हणाली, "डॅड इज हॅपी. ही ओन्ली शाउट्स लाइक दॅट व्हेन ही इज हॅपी."

लांबीचा प्रश्न मिटवायला मी वर्कशॉपमध्ये सागवानाची एक लाकडी गोळी लेथवर बनवली. माप शंभर टक्के बरोबर! जुलैच्या सुट्टीत वैशाली आणि इरा भारतात निघाल्या तेव्हा ती मोज्यात गुंडाळून बॅगेत घातली. तिकडे विमानतळावर कस्टमवाल्याने मोजा उलटा केला आणि आणखी दोघांना बोलावलं.

"मॅडम, ये क्या है?"

"लाकूड आहे हो," वैशालीने सांगितलं. "आमच्या यांच्या डोक्यातलं थोडं काढून दिलंय सासऱ्यांना."

सोडलं त्यांनी. पण तिने ते घरच्या ग्रुपवर टाकलं, आणि त्यावर हसरे चेहरे मला अजून येतात.

आबांनी गोळी बसवून पाहिली आणि कळवलं, "अर्धा सूत जास्त भरतीया." अर्धा सूत! माझ्या लेथवर! मी तीन दिवस जेवलो नाही. (म्हणजे जेवलो, पण रागाने.)

दोन वर्षं झाली. लायसन्स नव्याने करून घ्यायची तारीख जवळ आली, असं आबाच म्हणाले. आता काम झालं नाही तर बंदूक जमा करावी लागणार. मी मनाशी ठरवलं, खलास! शेवटच्या फोनवर दस्तगीर मिस्त्रीला मी पहिल्या भावाच्या एक तृतीयांशावर आणला. आयुष्यात एवढा मोठा सौदा मी मारला नव्हता. मग कुणालाही न सांगता वर्कशॉप पाच दिवस कामगारांवर सोपवलं, विमान पकडलं आणि सकाळी अकराला मिस्त्रीच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

"मी बाळासाहेब. दोहा. बंदूक काढा. आज समोर बसून काम करून घेणार."

मिस्त्री पांढरा पडला. चहा मागवला. चहा झाल्यावर परत चहा मागवला. तिसऱ्याला मी हात आडवा केला.

"साहेब," तो चष्मा पुसत म्हणाला, "बंदूक न्हाई."

"नाही म्हणजे? कुठे आहे?"

"आबांनी दोन वर्सामागंच दिली की. कायद्यानं, कागद करून. लायसन पन जमा केलं. माझ्याच दुकानातनं गेली, गारगोटीच्या एका पार्टीला."

"मग तुम्ही दोन वर्षं माझ्याशी भाव कशाचा करत होता?"

"आबा म्हनले, पोरगं भाव करायला लागलं की फोन ठेवत न्हाई. तेवढं चालू ठेवा." मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "न्हाई त्या कामाचा भाव कितीबी खाली आनता येतोय साहेब. पन खरं सांगू? शेवटच्या भावाला मला लईच तोटा होत हुता. दोन दिस जिवाला चैन पडली न्हाई."

मी तिथून निघालो तो थेट गावी. आबा घरापुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होते. मला बघून म्हणाले, "आलास? मिस्त्रीचा फोन आला हुता. बस, शेंगा घे."

"आबा, तुम्ही मला फसवलंत!"

"व्हय."

"मी रोज बोल्टचा आवाज ऐकत होतो!"

"गोठ्याची कडी हुती ती."

"आणि माझी लाकडी गोळी? अर्धा सूत जास्त?"

त्यांनी बोट दाखवलं. भिंतीत ठोकून त्यांनी तिची खुंटी केली होती. तिच्यावर टोपी लटकत होती. "तशी बेस झालीया," ते म्हणाले. "सूनबाईनंच जागा दावली."

"वैशालीला माहीत होतं?"

(तिला मी तिथूनच फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही रोज तासभर त्यांच्याशी भांडत होता, माझ्याशी नाही. मी कशाला सांगू?")

मी सोप्यात येरझाऱ्या घालत होतो. "पण बंदूक दिलीत का? तुम्ही तिला जिवापाड जपत होता!"

आबांनी दोन शेंगा फोडल्या. मग म्हणाले, "तुझी आई गेली तवा पैल्या पावसाळ्यात मला लई जड गेलं. एकट्या मानसाच्या घरात बंदूक बरी न्हवं, बाळू. म्हनून दिली. डुकरास्नी शेताभवती झटका मशीनची तार हाय की."

मी बसलो. हातात शेंगा आल्या, त्या कुणी दिल्या ते कळलं नाही.

मी म्हणालो, "मग फोन कर म्हणून सांगायचं होतं. मी केला असता."

"केला असतास. दोन मिन्टं." आबांनी टरफलं झाडली. "बैल बाजारात मी तुला काय शिकवलं? गरज दावली की भाव चढतोय. मी दावली न्हाई. दोन मिन्टाचा तास केला. कुनाचा सौदा मोठा झाला, सांग?"

जो माणूस दाढेच्या डॉक्टरशी घासाघीस करतो, त्याने खाली बसून टरफलं गोळा करायला घेतली.

या गोष्टीला चार महिने झाले. हल्ली विहिरीवरच्या मोटरची चर्चा चालू आहे, रिवाइंड करायची की नवी घ्यायची. मोटर ठणठणीत आहे. शेजारच्या तानाजीकडून मी व्हिडिओ मागवून पाहिलाय, पाण्याची धार मनगटाएवढी आहे! आणि काल आबा एकदम म्हणाले, "जाऊ दे बाळू, नवीच घिऊन टाकू." मी गाडी बाजूला घेतली आणि ओरडलो, "आबा, घाई करायची नाही! हॉर्सपॉवरचं अजून काहीच बोलणं झालेलं नाही!"

अख्ख्या दोहात ज्याला कुणी टोपी घालू शकलं नाही, तो माणूस आता स्वतःच स्वतःला फसवतोय, आणि वर भावही करतोय! याचा जाब मला हवाय. आबांनीच द्यावा. उद्या, फोनवर, आणि अजिबात थोडक्यात नको.