सिद्धू पडला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. भवानी पेठेतल्या माझ्या दवाखान्यात दिवसभर लोक मला आपली दुखणी सांगतात आणि मी ऐकत राहते. आज तुम्ही ऐका. नीट सांगता येतंय का — बघते.

नोकरीच्या सुरुवातीला मी करमाळ्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात होते. शाळू काढणीला आला होता. एका सकाळी केमजवळच्या शिवारातून सिद्धू नावाच्या तरुण शेतकऱ्याचं प्रेत शवविच्छेदनासाठी आलं. त्याच्या उभ्या शाळूत मेंढरं शिरली होती. मेंढरं कुणाची? बिराची, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची. सिद्धू जाब विचारायला बिराच्या मेंढरांच्या वाड्यावर गेला, भांडण झालं आणि सिद्धू मेला. इतकं सगळ्यांनाच मान्य होतं. मेला कसा, एवढाच प्रश्न होता.

"मॅडम, दाजीनंच मागनं कुऱ्हाडीचा तुंबा घातलाय डोक्यात," फौजदार म्हणाले. "सरळ केस आहे."

पत्र्याची खोली तापली होती. बाहेर गाव जमलं होतं. मी कवटी उघडली. मागच्या बाजूला हाड फुटलेलं, आत रक्त. आणि मेंदूच्या पुढच्या भागावर, कपाळामागे, दुसरी एक इजा — रक्त साकळलेलं, काळपट. मला ते दिसलं. आपण काहीतरी पाहतोय हेही कळलं. पण अहवालात मी मागची जखम लिहिली, पुढची लिहिली नाही. का? घाई होती म्हणू? सरळ केस आहे, असं कुणीतरी आधीच सांगितलं होतं म्हणू? कुऱ्हाडीच्या बोथट बाजूच्या घावाने मृत्यू, असं लिहून सही केली.

खटला सोलापूरला उभा राहिला. साक्षीच्या आदल्या दिवशी मी कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं — आणि त्या पुढच्या इजेचा अर्थ कळला. माणूस मागे पडून डोकं आपटलं की मेंदू आतल्या आत पुढे आदळतो. मार मागे, इजा पुढे. उभ्या माणसाच्या डोक्यात घाव घातला, तर मेंदू बहुतेक घावाखालीच ठेचतो. बिरा पहिल्यापासून हेच सांगत होता, की मी ढकललं, तो मागे दगडी डोणीच्या काठावर पडला. जनावरांना पाणी पाजायची ती डोण. सिद्धूची बहीण सुला, बिराची बायको, तीही हेच सांगत होती. पण आरोपीच्या बायकोचं कोण ऐकतं? कुऱ्हाड तिथेच रक्तात पडलेली होती. तिच्यावरचं रक्त माणसाचं आहे, पण गट ठरवता येत नाही, असा प्रयोगशाळेचा अहवाल होता. म्हणजे सगळं येऊन थांबलं माझ्यावर. ढकलल्याने मेला तर सदोष मनुष्यवध, काही वर्षांची शिक्षा. पाठमोऱ्या माणसाला घाव घातला तर खून.

बचावाचे वकील वयस्कर होते, हळू बोलायचे. त्यांनी नेमकं तेच विचारलं, "डॉक्टर, मेंदूच्या पुढच्या भागाला काही इजा दिसली का?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग अहवालात का लिहिली नाही? — त्या दुसऱ्या प्रश्नाला भिऊन मी पहिल्याचं उत्तर दिलं.

"नाही."

आवाज अजिबात कापला नाही. याचीच मला जास्त लाज वाटते.

बाहेर व्हरांड्यात सुला आडवी आली. डोक्यावर पदर, डोळे कोरडे. "बाई, तुमी आतनं बघितलंसा की. त्यो पडल्याला न्हाय?"

"जे दिसलं तेच सांगितलं मी," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली — रागाने नाही, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी. मी पायऱ्या उतरून रिक्षात बसले.

बिराला जन्मठेप झाली. निकालपत्रात माझी साक्ष विश्वासार्ह ठरली होती. पुढे मी नोकरी सोडली, इथे दवाखाना टाकला. लग्न झालं, मुलगी झाली. तुम्हाला वाटेल, मी रोज तळमळत होते. नव्हते. महिनेच्या महिने आठवणही यायची नाही. मग एखाद्या दुपारी हात धुता धुता यायची, आणि मी उगाचच पेशंटवर खेकसायचे.

गेल्या हिवाळ्यात सुला दवाखान्यात आली. नात्यातल्या कुणाकडे आली होती, खोकला होता. तिने मला लगेच ओळखलं. मी छाती तपासत होते आणि ती बोलत होती.

"त्यो तुरुंगातच वारला, बाई. छातीचं दुखणं. लई निरोप धाडलं त्यानं, एकदा येऊन जा म्हनून. म्या न्हाय गेले."

"का?" मी विचारलं. का विचारलं मी?

"म्या माझ्या डोळ्यानं सिद्धूला पडताना बघितलं हुतं, पर तुमी न्हाय म्हनलासा. डाक्टर कशाला खोटं बोलंल? मंग मलाच नीट दिसलं नसंल. नवऱ्याच्या मायेपायी तसं वाटलं असंल. माझ्या भावाला मारल्याल्या मान्साचं त्वांड कशाला बघू?"

स्टेथोस्कोप माझ्या कानात होता. आतून तिचा श्वास ऐकू येत होता, घरघरणारा, लांब. सांगायला तेवढाच क्षण होता आणि तो बराच लांबला. मी म्हणाले, "खोल श्वास घ्या."

तिने घेतला. मी औषध लिहून दिलं. "देव तुमचं भलं करो," असं म्हणून ती गेली.

ती केमलाच असते, भावजयीबरोबर सिद्धूच्या रानात राबते. बिरा खोटं बोलला आणि आपल्याला भ्रम झाला, असं ती अजून धरून चालते. त्याने खरं सांगितलं होतं. तिने खरं पाहिलं होतं. मला दोन्ही माहीत होतं, आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही.