भाडं नसलेला हॉल

धम्मशीलाताई मेश्राम समोरच्या घरात राहायला आल्या, त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तू इथे मत देतेस का?"

मी तेव्हा कचऱ्याचे बिन्स बाहेर काढत होते. म्हटलं, "मी कशी देणार? मी वर्क व्हिसावर आहे, सिटिझन नाही."

"भारतीय पासपोर्ट आहे ना? मग कॉमनवेल्थमध्ये येतेस. नाव नोंदव, देता येतं."

मला वाटलं, बाईंची काहीतरी चूक होतेय. पण घरात जाऊन बघितलं तर खरंच होतं, आणि मी लगेच नाव नोंदवलं. पुण्याहून येऊन मला बरीच वर्षं झाली होती आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मीही कधी विचारलं नव्हतं. ताईंचं उलट होतं. दिसेल त्या गोष्टीबद्दल त्या विचारायच्या. बस या वळणावरून का जात नाही, या रस्त्याला हे नाव कुणी दिलं, चर्चच्या दाराला दोन कुलपं का आहेत. विचारून झालं की उत्तर नीट ऐकून घ्यायच्या. हे जास्त दुर्मीळ.

ताई मूळच्या नागपूरच्या, इंदोऱ्याच्या. इथे हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. म्हणजे म्हातारी माणसं ऑपरेशन होऊन घरी गेली की त्यांच्याकडे जायचं आणि जिना चढता येतो का, अंघोळ करता येते का, किटलीतून चहा ओतता येतो का ते बघायचं. नवरा पद्माकर इन्शुरन्समध्ये, हिशोबी आणि मवाळ. मुलगी अन्वी इथेच जन्मलेली. आमचा भाग ईलिंगहून बसनं थोडा पुढे, हेझेल ग्रीन नावाचा वॉर्ड. एक पार्क, दुकानांची एक हाय स्ट्रीट, एक लायब्ररी आणि बरीचशी एकटी राहणारी माणसं.

त्यातल्याच एक मिसेस डॉयल. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते छान जुळलं. काठी घेऊन घरभर फिरायच्या, पण दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हत्या. ताईंना कळेना. पडायची भीती वाटते का? नाही. थंडी? नाही. तिसऱ्या भेटीत त्यांनी सरळच विचारलं, "मग अडतंय कुठे?"

मिसेस डॉयल खाली बघत म्हणाल्या, "पार्कजवळचं टॉयलेट बंद केलंय ना, डियर. मध्येच लागली तर मी जाऊ कुठे?"

ताई त्या दिवसापासून प्रत्येक घरी हा प्रश्न विचारायला लागल्या. बहुतेक घरी तेच उत्तर, तशीच मान खाली घालून दिलेलं. त्यांनी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, लिहिलं. उत्तर आलं सभ्य भाषेत: बजेट नाही.

त्याच सुमारास आमच्या वॉर्डचे एक कौन्सिलर दुसऱ्या शहरात राहायला गेले आणि पोटनिवडणूक लागली. दारातून लीफलेट पडायला लागली. गुळगुळीत कागद, हसरे चेहरे, खड्डे, कचरा, क्राइम. टॉयलेटचं नाव कुठेच नाही. एका रविवारी मी ताईंकडे पोहे खायला गेले होते. त्यांनी ती लीफलेट टेबलावर मांडून ठेवली होती.

"हे सगळं छापायचे पैसे कोण देतं?" त्यांनी विचारलं.

"सरकार देत असेल," पद्माकर म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे, का तुम्हाला वाटतंय?"

पद्माकरांनी पोह्यांत लिंबू पिळलं आणि विषय सोडला. ताईंनी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कौन्सिलच्या इलेक्शन ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं: सरकार काही देत नाही. पक्ष देतो, नाहीतर स्वतःच्या खिशातून. पार्लमेंटच्या उमेदवाराचं एक पत्रक तरी पोस्ट फुकट वाटतं, कौन्सिलच्या उमेदवाराला तेही नाही. मात्र खर्चाला मर्यादा आहे. आणि डिपॉझिट भरावं लागत नाही.

"म्हणजे उभं राहायला काय लागतं?"

"वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या."

संध्याकाळी ताई माझ्या दारात. "आसावरी, सही करशील?"

मी हसले. मग बघितलं तर त्या हसत नव्हत्या. दुसरी सही केली शेजारच्या निवृत्त पोस्टमननं. अशा रीतीनं धम्मशीला मेश्राम अपक्ष उमेदवार झाल्या. त्यांनी स्वतःला एकच नियम घातला: आपल्या पेशंटच्या दारात प्रचाराला जायचं नाही. ज्यांच्यासाठी उभ्या राहिल्या त्यांनाच सांगायचं नाही म्हणजे काय, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांच्या बाथरूमपर्यंत जाते, आसावरी. त्यांना मला नाही म्हणता येणार नाही. मग ते मत कसलं?"

घरच्या प्रिंटरवर लीफलेट निघाली. अन्वीनं एक उचलून बघितलं. "आई, तुझा फोटो ओके आहे, पण हा पेपर खूप स्वस्त दिसतो."

"स्वस्तच आहे तो," ताई म्हणाल्या.

उमेदवारांसाठीची जी माहिती इलेक्शन ऑफिसनं पाठवली होती, ती ताईंनी अक्षरन्‌अक्षर वाचली. त्यात त्यांना एक ओळ सापडली आणि त्या मला रस्त्यापलीकडूनच हाका मारायला लागल्या. सभेसाठी उमेदवाराला सरकारी शाळेचा हॉल मिळतो, आणि त्याचं भाडं लागत नाही. पैसे द्यायचे ते फक्त हीटिंग, दिवे आणि साफसफाईचे.

"बघ, काहीच देत नाहीत असं नाही. एक खोली देतात. पण खोलीच का?" त्यांच्या चेहऱ्यावर निवडणुकीपेक्षा या प्रश्नाचाच आनंद जास्त होता.

आम्ही दोघी शाळेत गेलो. ऑफिसमधल्या गृहस्थांनी तासाचा दर सांगितला. ताईंनी तो कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला, कौन्सिलला फोन लावला, बराच वेळ "आय सी, आय सी" म्हणत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. मी इथे इतकी वर्षं आहे, पण आजवर हा हॉल कुणी मागितलाच नव्हता." त्यांनाही गंमत वाटली असावी, कारण हॉल दाखवायला ते स्वतः आले.

तेवढ्यात नागपूरहून ताईंचे मामेसासरे भीमरावकाका पाहुणे म्हणून आले. त्यांना किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर बघायचं होतं. ते बघून आले आणि जेवताना त्यांनी ताईंपुढे एक पाकीट ठेवलं. "सून निवडणुकीला उभी आहे. आमच्याकडून वर्गणी."

ताईंनी पाकीट उघडलं आणि परत बंद केलं. "काका, एवढे नाही घेता येत. पन्नास पौंडांच्या वरची देणगी इथल्या मतदारयादीतल्या माणसाकडूनच घ्यायची, असा नियम आहे."

"मी परका काय?"

"मला नाही हो. यादीला."

काकांचा चेहरा उतरला. पद्माकर मधे पडले, म्हणाले, "काका, वीसची एक नोट द्या, ती चालते." काकांनी नोट दिली, पण त्यांचं समाधान झालं नाही. "विहार बांधला तो वर्गणीतूनच ना? जो तो आपल्या ऐपतीनं देतो. आणि तेही चालत नसेल तर मग सरकारनंच द्यावेत ना सगळ्यांना सारखे!"

"म्हणजे त्या हसऱ्या चेहऱ्यांची लीफलेट माझ्या टॅक्समधून?" पद्माकर म्हणाले.

"मग आत्ता कुणाच्या पैशातून येतात, माहीत आहे का तुला?" काकांनी विचारलं.

पद्माकरांनी वरणाचं भांडं जवळ ओढलं. ताई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या, जणू टेनिस चाललंय.

सभेच्या दिवशी बोचरी थंडी होती. आम्ही मोजक्याच खुर्च्या मांडल्या होत्या, त्या भरल्या आणि आणखी आणाव्या लागल्या. लायब्ररीतली नोटीस बघून लोक आले होते. मिसेस डॉयलही काठी टेकत आल्या होत्या; नोटीस बघितलेल्या शेजारणीनं त्यांना गाडीतून आणलं होतं. आल्या आल्या त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर टॉयलेट कुठे आहे. दाराजवळच होतं. त्या निवांत बसल्या. मागच्या रांगेत एका मोठ्या पक्षाच्या उमेदवार बाई, अंगात कोट तसाच ठेवून.

ताईंनी भाषण केलं नाही. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला एक गोष्ट जाणून घ्यायची आहे. टॉयलेट बंद झाल्यापासून तुमचं कुठे जाणं थांबलं?"

खुर्च्यांची करकर ऐकू येत होती. मला वाटलं, संपलं; असलं कुणी चारचौघांत बोलतं का? मग बसच्या ड्रायव्हरचा युनिफॉर्म घातलेला एक शीख माणूस उठला. "शेवटच्या स्टॉपला थांबतो तेव्हा आम्हाला तेवढं एकच टॉयलेट होतं. मी आता ड्यूटीवर पाणीच पीत नाही." त्याच्या मागून एक आई बोलली, मुलाचं पॉटी ट्रेनिंग चालू असल्यामुळे पार्कात जाणंच बंद झालंय. मग मिसेस डॉयल, बसल्याबसल्याच: "मी थर्सडेचं बिंगो सोडलं." यावर लोक हसले, आणि मग बोलायची कुणाला लाजच राहिली नाही. भीमरावकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "निवडणुकीची सभा आहे आणि कुणी माईकवर ओरडत कसं नाही?" मागच्या बाई भराभर काहीतरी लिहून घेत होत्या.

पुढच्या आठवड्यात त्या बाईंचं नवीन लीफलेट पडलं. गुळगुळीत कागद, आणि वर ठळक अक्षरांत: पार्कचं टॉयलेट पुन्हा उघडू.

पद्माकर इतके चिडलेले मी पहिल्यांदा बघितले. "चोरी आहे ही! हॉल आपण मिळवला, हीटिंगचे पैसे आपण भरले!"

मीही चिडले होते. ताईंनी लीफलेट उलटसुलट करून बघितलं. "किती घरांत गेलं असेल हे?"

"सगळ्या वॉर्डात," मी म्हटलं.

"मला एवढी छापणं कधी जमलं असतं?" त्यांनी ते घडी घालून टेबलावर ठेवलं. "मला वाईट वाटतंय, नाही कशाला म्हणू? पण बघ ना, माझं म्हणणं त्यांच्या पैशानं घरोघर गेलं."

मतदान झालं. मी इथलं माझं पहिलं मत दिलं. ताई तिसऱ्या आल्या, त्या बाई निवडून आल्या. निकालाच्या वेळी ताईंनी त्यांचं अभिनंदन केलं आणि हात न सोडता विचारलं, "कधीपर्यंत उघडेल?" बाईंनी एप्रिल म्हटलं. उघडलं ऑगस्टमध्ये, ताईंची सहा-सात ईमेल गेल्यावर, आणि तेही रविवार सोडून. मिसेस डॉयल पुन्हा बिंगोला जातात. रविवारी ड्यूटी असणाऱ्या ड्रायव्हरांचा प्रश्न तसाच आहे.

निकालानंतरच्याच आठवड्यात, काका परत जायच्या आदल्या दिवशी, वाद पुन्हा निघाला होता. ते म्हणाले, "तुझ्याकडे त्यांच्याइतके पैसे असते तर तू निवडून आली असतीस. सरकारनं द्यायलाच हवेत."

"मग ज्यांचं बोलणं मला ऐकवतही नाही, त्यांनाही द्यावे लागतील, काका."

"हॉल त्यांनाही मिळतोच की!"

"हे खरं आहे," ताई म्हणाल्या, आणि भांडी घासायला उठल्या.

पुढच्या वर्षी मे महिन्यात पूर्ण कौन्सिलची निवडणूक लागली. ताई उभ्या राहिल्या नाहीत. ड्यूट्या वाढल्या होत्या. एका शनिवारी त्यांच्या दारात एक प्लंबर आला, अपक्ष उमेदवार. सायकलींसाठी रस्त्यावर पट्टा नको म्हणून तो उभा होता, आणि ताई तर रोज सायकलनं कामाला जाणाऱ्या. हॉल कसा मिळवायचा, एवढंच त्याला विचारायचं होतं. ताईंनी सायकल दाराआड सरकवली, अंगावर कोट चढवला आणि त्याला घेऊन शाळेच्या ऑफिसात गेल्या. त्याच्या सभेला त्या आणि मी पहिल्याच रांगेत बसलो. प्रश्नांची वेळ आल्यावर पहिला हात त्यांचाच वर गेला.