रुमालाखालची मूठ

"दिसायला झकास हाय. आता खोड काय, ती सांगा."

पहिल्याच भेटीत त्यांनी हे माझ्याबद्दल, माझ्यादेखत, डॉक्टरांना विचारलं. मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि खांदा आखडला म्हणून राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात रोज संध्याकाळी शेक घ्यायला जायचो. शेजारच्या खाटेवर हे गृहस्थ बसलेले. धोतर, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला पटका. दोन्ही हात मांडीवर असे ठेवलेले, जणू कुणी घटकाभर सांभाळायला दिलेत.

डॉक्टरांनी माझा हात वर उचलला आणि मी ओरडलो.

"आवाजबी चांगला हाय," ते म्हणाले. "पावणं, करतासा काय?"

"शिकवतो."

"म्हंजे तासभर एकट्यानंच बोलायचं?"

"हो."

"मग घावली की खोड."

ते सगळ्यांनाच पावणं म्हणत, म्हणून दवाखान्यात आम्हीही त्यांना पावणं म्हणू लागलो. धंद्यानं ते हेडी, म्हणजे जनावरांच्या बाजारातले दलाल. पेठ वडगावच्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा, कारण जनावराची खोड लपवून त्यांनी कधी सौदा केला नाही. गाय लाथ मारत असेल तर ते आधी सांगायचे, आणि मग ती दूध किती देते ते असं वर्णन करून सांगायचे, की लाथ खायला गिऱ्हाईक आनंदानं तयार व्हायचं.

तुम्ही जनावरांचा बाजार पाहिला असेल तर तिथला तो रुमालही पाहिला असेल. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि भाव बोटांनी ठरवतात. एक बोट धरलं की एक शंभर, दोन धरली की दोन. तोंडानं मात्र पाऊसपाणी, लेकीचं लग्न, असलं काहीतरी चालू असतं. भोवती गर्दी असते आणि तिला काही म्हणजे काही कळत नाही. आमच्या विधानसभेत असा रुमाल असता तर कितीतरी भाषणं वाचली असती.

ट्रकमध्ये म्हैस चढवताना पावणं फळीवरून मानेवर पडले. म्हशीला काही झालं नाही, हे ते नंतरही समाधानानं सांगायचे. महिनाभर ते निजूनच होते. मग पाय हळूहळू परत आले, हात मात्र आले नाहीत. कोपरापर्यंत हलायचे, पुढं बोटं लोंबती.

"जेवू घालाय कारभारीण हाय," ते मला एकदा म्हणाले. "पटका पोरगं बांधतंय. पर रुमालाखाली दुसऱ्याचा हात कसा घालू, सांगा बघू? त्यो हात माझाच पायजे."

त्यांना एवढंच हवं होतं. वडगावच्या बाजारात एकदा स्वतःच्या हातानं सौदा करायचा. चहाचा कप धरण्याविषयी डॉक्टर बोलले की ते जांभई द्यायचे.

डॉक्टरांकडे विजेचं यंत्र होतं. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन पट्ट्या हातावर बांधायच्या, बटण फिरवायचं, की विजेचे बारीक ठोके बसून बोटं मिटायची. बटण मागं घेतलं की पुन्हा ढिली. डॉक्टर चांगले होते, पण समोर श्रोता आला की त्यांचं व्याख्यान व्हायचं. मेंदूचा निरोप मानेतच अडतो, खालची नस मात्र जिवंत आहे, हे ते पाऊण तास सांगत. पावण्यांनी ते एका दमात उरकलं. "बैल मेलेला न्हाय. मालकाची हाक त्याला ऐकू येईना झालीया. म्हून डॉक्टर मागनं पराणी टोचत्यात."

त्या दिवसापासून यंत्राचं नाव पराणी पडलं. नवं, मोठं यंत्र आलं तेव्हा डॉक्टरांनी त्याचा उद्‌घाटन समारंभ ठेवला. शहरातले एक पुढारी आले. हार झाले, नारळ झाला. मग पुढाऱ्यांनी पावण्यांशी हस्तांदोलन करावं, असा कार्यक्रम ठरला. डॉक्टरांनी बटण फिरवलं, पावण्यांची मूठ पुढाऱ्यांच्या हातावर मिटली, टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून डॉक्टरांना बोलायची स्फूर्ती आली आणि बटणाचं ते विसरले.

पुढारी आधी हसले. मग त्यांनी हात ओढून पाहिला. मग आपल्या अंगातही करंट शिरतोय असं वाटून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सोडा!"

"माझ्या हातात न्हाय, सायेब," पावणं शांतपणे म्हणाले. "डॉक्टरांचं भाषान सपलं की सुटंल."

समारंभानंतर ते माझ्याकडे वळले. "मशीन झकास हाय. खोड कळली न्हवं? बटान दुसऱ्याकडं हाय."

ही तक्रार डॉक्टरांनी मनावर घेतली, हे त्यांचं मोठेपण. उद्यमनगरातल्या एका कारागिराकडून त्यांनी बॅटरीवर चालणारी पेटी करून घेतली, ट्रान्झिस्टरएवढी. ती कमरेला बांधायची, पट्ट्या सदऱ्याच्या बाहीत, आणि बटण काखेत. दंड बरगडीशी दाबला की मूठ मिटायची. उचलला की सुटायची. पहिल्या दिवशी पावण्यांनी ते इतक्या वेळा केलं की डॉक्टरांना बॅटरी काढून घ्यावी लागली.

मग दुसरी अडचण. वीज लागली की पाचही बोटं एकदम मिटायची. एक धरीन, दोन धरीन, ते काही नाही.

"माझ्याकडं आता एकच भाव," पावणं म्हणाले. "पाच. म्हशीलाबी पाच आन् कोंबडीलाबी पाच."

दुसऱ्या दिवशी आले ते उपाय घेऊनच. भाव समोरच्यानं सांगायचा. त्यानं आपली बोटं यांच्या मुठीत सरकवत जायचं आणि भाव पटला की यांनी मूठ मिटायची. या सरावाला गिऱ्हाईक म्हणून माझी निवड झाली. दवाखान्याच्या टॉवेलाखाली मी बोटं घालायचो आणि ते माझ्याकडे न बघता विचारायचे, "यंदा तुमच्याकडं पोरं पास किती झाली?" त्या महिन्यात मी कितीदा विकला गेलो, मोजलं नाही. भाव फारसा चढला नाही एवढं नक्की.

बाजारच्या दिवशी डॉक्टर आणि मी त्यांच्याबरोबर वडगावला गेलो. त्यांच्या भावकीतल्या एकाचा बैल विकायचा होता. घेणारा चंदगडकडचा व्यापारी, यांचा जुना जोडीदार आणि जुना वैरीही. त्यानं यांना नखशिखांत न्याहाळलं.

"अण्णा, जित्ता हाईस की!"

"व्हय. बैल बघ. झकास हाय. खोड एकच. डाव्या अंगाला जुपला तरच चालतोय." मग त्याच्या कानाशी लागून ते म्हणाले, "बोटं तू घाल. पटलं की मी मूठ मिटतो."

रुमाल पडला. गर्दी जमली. तोंडानं चंदगडच्या पावसाची चौकशी सुरू झाली.

ऊन रणरणत होतं. पाऊस संपून काजूचं पीक आलं तरी रुमाल हलेना. पावण्यांच्या कपाळावर घाम. मी पाहिलं तर त्यांचा दंड बरगडीवर सारखा आपटत होता, कोंबडीनं पंख झाडावेत तसा. गर्दीत कुजबुज झाली. "हेडी लई ताठ हाय. हटंना बघ."

मी डॉक्टरांकडे पाहिलं आणि आम्हां दोघांना एकदमच कळलं. बाहीतल्या पट्ट्या उन्हानं वाळल्या होत्या. वाळलेल्या पट्टीतून वीज जात नाही.

त्या माणसानं आयुष्यात काय मागितलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि ते आता चारचौघांत, रुमालाखाली, लोंबत पडलं होतं. रुमाल निघाला की सगळ्या बाजाराला दिसणार होतं.

डॉक्टरांनी आयुष्यात प्रथमच प्रस्तावना केली नाही. पिशवीतली मिठाच्या पाण्याची बाटली काढली, "फार ऊन आहे हो," म्हणाले आणि सगळी बाटली पावण्यांच्या बाहीवर ओतली. गर्दीला हा कसला तरी विधी वाटला असावा. त्यातल्या दोघांनी हात जोडले.

आणि रुमाल गच्च आवळला गेला.

"झाला!" व्यापारी ओरडला.

बैल वळवून न्यायला त्यानं कासरा हातात घेतला, तेव्हा पावणं म्हणाले, "थांब. खोड सांगायची ऱ्हायली."

"सांगिटलीस की, डाव्या अंगाची."

"बैलाची न्हवं, माझ्या हाताची. दोन बोटांवरच मी मूठ मिटत हुतो. मिटली न्हाय. मशीन बंद पडलंतं. तिसरं बोट तू फुकट घातलास. त्याचं शंभर परत घे."

मी आणि डॉक्टर जमिनीकडे बघत राहिलो. व्यापारी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"एवढी वर्षं हात धरतोय तुझा," तो म्हणाला. "नको म्हणणारा हात कुठला आन् पडलेला हात कुठला, मला कळत न्हाय व्हय?"

"मग तिसरं कशापायी घातलास?"

"एवढ्या दिसांनी बाजारात आलास, अण्णा. मोकळा हात कसा धाडू?"

येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि दंड हळूच बरगडीशी दाबत होते. मूठ मिटायची, सुटायची. डॉक्टरांनी बॅटरी काढून घेतली नाही.

त्यानंतर ते काही वर्षं बाजाराला जात राहिले. बोटं स्वतःहून फारशी हलली नाहीत, आणि डॉक्टरांनी ते प्रामाणिकपणे, नेहमीच्या लांबीनं, सगळ्यांना सांगितलं. पेटी तेवढी चालत राहिली. माझा खांदा बरा झाला, मग माझी बदली झाली, आणि ते गेल्याचं मला उशिरा कळलं.

पुढं एकदा वडगावला काही कामानं गेलो होतो. बाजारचा दिवस होता. चंदगडचा व्यापारी दिसला, केस पार पिकलेले. त्यानं मला ओळखलं. पावण्यांचा विषय निघणारच होता.

"माणूस झकास होता," मी म्हणालो, आणि त्यांचीच सवय लागलेली, म्हणून विचारलं, "खोड काय होती हो?"

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि खाली माझा हात धरला. एक बोट की दोन, मी मोजायचा प्रयत्न केला. त्यानं सगळा हातच धरला होता. तोंडानं तो चंदगडच्या पावसाचं सांगत होता, यंदा भात बरं आहे म्हणत होता, आणि हात सोडत नव्हता.

भोवती चार माणसं थांबली होती. सौदा बराच मोठा असावा, असं त्यांना वाटलं असणार.