बकरीने पळवलेला मोर

"किल्ला छान आहे मॅडम, पण असा किल्ला बाहेर प्रत्येक दुकानात टांगलेला असतो," जयपूरच्या बनी पार्कमधल्या छोट्याशा कलादालनाच्या बाई मला हिंदीत म्हणाल्या आणि माझे सातही कॅनव्हास एकेक करून भिंतीकडे तोंड करून ठेवत गेल्या. दिवाळीनंतर त्यांचं सामूहिक प्रदर्शन होतं. त्यात एक जागा माझ्यासाठी ठेवायला त्या तयार होत्या. अट एवढीच, चित्र नवं हवं आणि माझं हवं. मी घरी येऊन चांगले दोन दिवस फुगून बसले. खरं तर राग त्यांचा नव्हताच. सातही चित्रं मी मोबाइलवरचे फोटो बघून, कॅनव्हासवर पेन्सिलीने चौकोन आखून काढली होती. इतकी वर्षं ॲक्रिलिकमध्ये हात काळे-निळे करून घेतले, पण एकही रेघ न आखता काढलेली नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही मूळचे भुसावळचे. नवरा रेल्वेत, त्यामुळे बदलीने जयपूरला आलो आणि गेली सहा वर्षं खातीपुऱ्यात राहतो. माझं फुगणं बघून शेवटी नवराच म्हणाला, "आमच्या मीणाजींच्या गावी जा. त्यांची बायको दिवाळीआधी घराच्या भिंती रंगवते म्हणे." मीणाजी त्याच्या ऑफिसातले. ते आठवडाभर शहरात खोली घेऊन राहतात आणि घर गावी. लेकीने लगेच विचारलं, "आई, मतलब तू एकटी जाणार?" तिच्या तोंडचा तो 'मतलब' दुरुस्त करायचा मी सोडून दिलाय. हो, एकटी जाणार, असं मी जाहीर केलं आणि बॅग भरायला घेतली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: कॅनव्हासच्या स्टँडचं लोढणं नेऊ नका. मी नेलं, आणि सोडाला भागातल्या ट्रॅफिकमधून रिक्षाने टोंक रोडची बस गाठेपर्यंत ते तीन जणांना टोचलं. चाकसूपर्यंत बस भरपूर, तास-दीड तास लागतो, तिकीट शंभराच्या आत. पुढे गावापर्यंत जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं आपल्याला वाटतं त्यानंतर आणखी चार माणसं बसतात. चाकसू मागे पडलं आणि मी खिडकीला नाक लावलं. बाजरी कापून झालेली, मोहरीसाठी नांगरलेली तांबूस शेतं, मध्येच एकटी खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची झाडं. हा रंग कोणत्या ट्यूबमध्ये मिळेल याचा मी हिशोब करत होते आणि जीपचा प्रत्येक गचका मला आवडत होता.

मीणाजींच्या बायकोचं नाव ग्यारसी. पस्तिशीची असेल, बोलणं कमी, हसणं डोळ्यांनी. घरात ती आणि तिची सासू. पोहोचताच बाजरीची रोटी, लसणाची चटणी आणि कचरीची भाजी समोर आली. कचरी म्हणजे शेतात आपोआप उगवणारं, लिंबाएवढं आंबटसर फळ. मी तीन रोट्या खाल्ल्या आणि चौथीला नाही म्हणता आलं नाही. अंगणातल्या भिंती शेणमातीने सारवून, वर गेरू फिरवून तयार होत्या. या भिंतींवर पांढऱ्या खडीच्या, म्हणजे खडूच्या मातीच्या पाण्याने जे काढतात त्याला मांडणा म्हणतात. आपण रांगोळी काढतो, तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोर मांडला. कापडाची चिंधी खडीत बुडवली, तळहातात धरून हळूहळू दाबली, आणि अनामिकेवरून पाणी ओघळू देत ती रेघ ओढत गेली. खुणा नाहीत, मोजमाप नाही, मागे सरून डोळे बारीक करून बघणं नाही. बोलता बोलता मोराचा पिसारा भिंतभर झाला. मी तोंड उघडं ठेवून बसले होते. मग सासू-सून दोघी शेतात गेल्या आणि घर माझ्यावर सोपवलं.

तेवढ्यात अंगणात बांधलेल्या बकरीने घात केला. दाव्याची गाठ सैल असावी. तिने ओल्या मोरावर मनसोक्त अंग घासलं आणि कुशीवर अर्धा पिसारा घेऊन ती ऐटीत गल्लीत निघाली. मी तिला पकडून आणून बांधलं आणि भिंतीकडे पाहिलं, तर मोराचं मागचं अंग गायब. माझ्यातली उपकारकर्ती जागी झाली. सकाळच्या फोटोवरून मी तो मोर पुन्हा काढला, माझ्या सगळ्यात चांगल्या पांढऱ्या ॲक्रिलिकने. मग खडीचा उरलेला भाग फिका वाटायला लागला म्हणून सबंध मोरावरच दोन हात दिले. दोघी परत आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आता पाणी मारा नाहीतर बकरी घासा, हा वर्षानुवर्षं जायचा नाही.

सासूने जवळ जाऊन रंगावर नख ओढलं, मग बोटं फिरवली, आणि सुनेला आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. ग्यारसीने मला हिंदीत समजावलं, अगदी हळू, जणू चूक तिचीच आहे.

"दीदी, इस पर गोबर नहीं चिपकेगा. लीपेंगे कैसे?"

ॲक्रिलिक वाळलं की त्याची प्लॅस्टिकसारखी कातडी होते, हे मी रोज ब्रश धुताना बघते. आणि ही भिंत दर वर्षी सारवायची, दर वर्षी नवी मांडायची. मी तिला कायमचं बंद करून ठेवलं होतं. इतकी लाज मला कलादालनातही वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघी खुरपं घेऊन बसलो. रंगाचे पापुद्रे निघाले ते मागे सारवणाचा थर घेऊनच, आणि भिंतीला खड्डे पडले. मग शेण, माती, भुसा मळून मी हातांनी ते खड्डे भरले. उन्हाने भिंत वाळली, गेरू फिरला, आणि दिवस कलायला लागल्यावर ग्यारसीने चिंधी माझ्या हातात दिली. "आपने उतारा, आप मांडो."

मी खिशातून मोबाइल काढला. तिने तो शांतपणे घेऊन खाटेवर ठेवला. बोटावरून पहिला थेंब भसकन ओघळला. मोराची मान जाड झाली. पुसायला गेले तर तिने मनगट धरलं. पुसलं तर गेरू फाटेल म्हणे, चुकलं असेल तर त्यातूनच काहीतरी कर. मी मानेला धरून पुढे गेले, मग पुढे, मग आणखी पुढे. झाला तो मोर कमी आणि कोंबडी जास्त होता. सासू तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. मी मात्र हवेत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात माझ्या परवानगीची वाट न बघता चालला होता. तो मोर त्यांनी तसाच ठेवला.

घरी आल्यावर अंघोळही न करता मी मोठा कॅनव्हास काढला. तपकिरी आणि लाल मिसळून गेरूच्या जवळ जाणारा रंग केला आणि सगळीकडे हाताने फासला. पेन्सिलीचा डबा लेकीकडे दिला आणि परत मागितला तरी देऊ नकोस म्हटलं. पांढरा रंग पाण्यासारखा पातळ करून चिंधीने बकरी काढली, कुशीवर मोराचा पिसारा घेऊन ऐटीत गल्लीतून निघालेली. दोन दिवस लागले. कलादालनाच्या बाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या, आणि हे दारासमोरच लावू, म्हणाल्या. मी जिन्यात येऊन नवऱ्याला फोन केला आणि आनंदाने ओरडूनच सांगितलं.

काय उरलं म्हणाल, तर अजून माझ्या रेघा वाकड्या जातात आणि मला त्यांची भीती वाटत नाही. याचं श्रेय जिला द्यायचं, ती ग्यारसी प्रदर्शन बघायला मीणाजींबरोबर नवी ओढणी ओढून आली. बकरी तिने लांबूनच ओळखली आणि मनापासून हसली. मग जवळ जाऊन चित्र निरखलं आणि मला विचारलं, "दीदी, इसे मिटाओगी कब?"

मी सांगितलं की हे पुसत नाहीत, कुणीतरी घरी नेईल आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहील. ती गंभीर झाली. माझी ही केवढी अडचण, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिने माझा हात हातात घेतला.

"अगली दीवाली हमारे यहाँ आ जाना. आपके लिए भींत खाली कर दूँगी."

दारासमोर लागलेल्या चित्राचा आनंद मोठा होताच, पण डोळे भरून आले ते या बोलण्याने. सगळ्या पाहुण्यांसमोर मी तिला मिठी मारली आणि येते म्हटलं.