चार भोकांची चकती, आठ भोकांचा शाफ्ट

गिअरबॉक्स म्हणजे पायजमा नव्हे, थोरल्याचा उतरवला आणि नाडी आवळून धाकट्याला घातला. चितेगावच्या माझ्या शेडमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की समोरच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं. लोक पैठण रोडवरून गाडी ओढत आणायचे, टायरला एक लाथ घालायचे आणि म्हणायचे, "मेस्त्री, गिअरबॉक्स हाय आपल्याकडं. नुसता बसवायचा हाय." नुसता! मग तूच बसव की बाबा, मला कशाला उठवतोस?

असल्या उंटावरच्या शहाण्यांत शेंद्र्याचा एक मालक माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. जमीन कारखान्यांत गेली, दोन टिप्पर दारात आले आणि हा माणूस इंजिनिअर झाला. बोनेट उघडलं की मान तिरकी करून ऐकायचा, जसं काही इंजिन त्याच्या कानात खाजगी बोलतंय. सीटवरचं प्लास्टिक सहा वर्षं काढलं नव्हतं, सीट मळेल म्हणून. पण गिअरबॉक्समध्ये तेल टाका म्हटलं की म्हणायचा, "बघू पुढच्या महिन्यात."

शेवटी एक दिवस खडी भरलेला टिप्पर रस्त्यातच बसला आणि माझ्याकडं ओढत आला. मालक उतरला. त्याच्यामागं त्याचा ड्रायव्हर उतरला. पिशोरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, चाळिशीचा माणूस, बोलणं मोजकं. मला त्याचंही काही कौतुक नव्हतं. सहा वर्षं असल्या मालकाच्या हाताखाली राहणारा माणूस किती शहाणा असणार?

"यानं तोडला," मालक त्याच्याकडं बोट करून म्हणाला. "क्लच दाबत नाय, गिअर हासडतो. गाडवाच्या हातात गाडी दिली मी."

मालक चहाला गेला तेव्हा ड्रायव्हर माझ्याजवळ आला. "मेस्त्री, उघडल्यावर काय दिसंल ते मालकाला खरं सांगा. तेल गळतंय म्हून मी तीनदा सांगितलं व्हतं. गिअरबॉक्स तोडला असं नाव झालं तर मला कुणी गाडी देणार नाय. पुन्हा मेंढरांमागं जावं लागंल."

मी गिअरबॉक्स उघडला. आत तेलाचा थेंब नव्हता, दात तापून निळे पडले होते. मालकाला हाक मारली, त्याचंच बोट धरून आत फिरवलं आणि वर काढलं. कोरडं ठणठणीत. "हे तेल काय ड्रायव्हर पिला का, मालक?" शेडमधली चार माणसं फिदीफिदी हसली. ड्रायव्हरनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला फाशीवरून उतरवलंय. खरं सांगतो, मला त्याची कणव वगैरे काही नव्हती. मालकाचं तोंड काळं करायला मिळालं, एवढाच आनंद होता.

मालक फणफणला. "बरं बरं, ठेवतो ह्याला. पण ऐक रं, आता दुसरा गिअरबॉक्स बसंल. त्यात नुसतं खुट्ट वाजलं तरी चावी ठेवायची अन् पिशोरची येष्टी धरायची." ड्रायव्हरनं मान हलवली.

दुसरा गिअरबॉक्स आला तो मालकाच्याच एका मेलेल्या टिप्परातून. कंपनी एकच, पण मॉडेल जुनं. पुढून इंजिनाला तो नीट बसत होता, भानगड होती मागच्या बाजूला. गिअरबॉक्सच्या मागून एक लांब दांडा निघतो आणि मागची चाकं फिरवतो, तो शाफ्ट. दोघांच्या तोंडाला लोखंडी चकत्या असतात, त्या एकमेकींना बोल्टनं जोडायच्या. या गिअरबॉक्सची चकती बशीएवढी, चार भोकांची. टिप्परच्या शाफ्टची चकती ताटाएवढी, आठ भोकांची. वरून गिअरबॉक्स चार बोटं आखूड, म्हणजे शाफ्ट तिथवर पोचतच नव्हता.

मालकानं वाकून बघितलं, मान तिरकी केली. "चार भोकं अजून पाडा की. त्यात काय येवढं?"

"बशीत ताटाची भोकं कुठं पाडू? हवेत?"

"मग वेल्डिंग मारून टाका दोन्हीला."

गाढवापुढं वाचली गीता! चकत्याच एकमेकींना वेल्डिंगनं चिकटवल्या तर पुढच्या खेपेला गिअरबॉक्स उतरवायचा कसा, हे त्या टाळक्यात शिरेना. शेवटी मी समजावणं सोडलं आणि माझं माझं ठरवलं. मेलेल्या टिप्परच्या शाफ्टचं चार भोकांचं तोंड चार बोटं जास्त ठेवून कापायचं आणि या टिप्परच्या शाफ्टला जोडायचं. काम साधं वाटतं, पण त्यात एक मेख आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना गलोलीसारखी बेचकी असतात. ती दोन्ही एका रेषेत पाहिजेत. एक थोडं जरी फिरलं तरी गाडी वेगात आली की थरथरते, आणि थरथरत राहिली की एक दिवस शाफ्ट सुटून रस्त्यावर येतो.

म्हणून मी दोन्ही तुकडे कापून सपाट पाटावर ठेवले, लेव्हल लावून बेचकी जुळवली आणि दोन्ही तुकड्यांवरून खडूची एक सरळ रेघ ओढली. आता रेघेला रेघ लावायची आणि वेल्डिंग मारायचं. उजाडता दिवस खंडेनवमीचा होता, त्यामुळं जोडायचं काम दसऱ्यानंतर, असं मालकाला सांगून टाकलं.

खंडेनवमीला हत्यार पुजायचं असतं, चालवायचं नसतं. सकाळी मी पाने, हातोडे, जॅक, वेल्डिंगचं मशीन, सगळं रॉकेलच्या फडक्यानं लख्ख पुसलं, मांडलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. शाफ्टचे दोन तुकडेही पुसून पूजेत मांडले. पोट भरणारं लोखंड तेच, त्याला का वगळायचं? नारळ फोडला, खोबरं वाटलं.

दुपारी मालक हजर. "उद्या दसरा. टिप्पर दारात नसला तर पूजा कशाची करू? भावकी हसंल मला."

"आज हत्यार उचलत नाय मी."

"शहागंजातला मेस्त्री असता तर एव्हाना गाडी रस्त्यावर असती," तो म्हणाला. "तुमचं काय, नाचता येईना अंगण वाकडं."

ज्या माणसाला बशी आणि ताट यातला फरक कळत नाही, त्याचं बोलणं मला लागावं? पण लागलं. मी पूजेतून मशीन उचललं, फुलं बाजूला सारली. शेजारचा लेथवाला शाफ्ट धरायला आला आणि तुकडे उलटेपालटे करून बघू लागला. "उस्ताद, निशान किधर गया?"

रेघ गेली होती. मीच सकाळी रॉकेलनं पुसली होती, पूजेच्या नादात.

"लेवल लगा के फिरसे बना लेते ना," तो म्हणाला. "दस मिनट का काम है."

मालक समोर स्टुलावर बसून पाय हलवत होता. त्याच्यासमोर मी पुन्हा खडू घेऊन बसू? हा घरी जाऊन सांगणार, मेस्त्रीनं केलेलं काम स्वतःच पुसलं. "नजर आहे ना माझी," मी म्हणालो, आणि नजरेनंच बेचकी जुळवून वेल्डिंग मारलं.

दिवस मावळायच्या आत गाडी जोडून तयार झाली. ड्रायव्हर स्टेअरिंगवर, मालक मध्ये, मी दाराशी, असे आम्ही पैठण रोडला निघालो. पहिला, दुसरा, तिसरा गिअर लोण्यासारखे पडले. ड्रायव्हर पहिल्यांदा हसला. मग चौथ्यात गाडी वेगात आली आणि पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. मी ती थरथर पायाला लागताक्षणी ओळखली. बेचकी फिरलेली होती.

"मालक, खाली कायतरी हादरतंय," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं गाडी हळू केली.

"झालं का सुरू?" मालक ओरडला. "आजच बसवला अन् आजच हादरवला? मेस्त्री, तुम्ही सांगा. काम पक्कं हाय का नाय?"

दोघंही माझ्याकडं बघत होते. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हा मेस्त्री खरं बोलतो, याची त्याला खात्री होती. कोरडं बोट त्यानं स्वतः बघितलं होतं.

"काम माझं आहे," मी म्हणालो. "पक्कंच असणार."

मालकानं तिथंच गाडी कडेला घ्यायला लावली आणि चावी काढून घेतली. ड्रायव्हरनं सीटमागची पिशवी घेतली, पुढच्या काचेला लावलेला खंडोबाचा फोटो काढला आणि खाली उतरला. मालक स्वतः टिप्पर हळूहळू हाकत शेंद्र्याला घेऊन गेला. मी रस्त्याच्या त्या बाजूनं चालत शेडवर आलो, ड्रायव्हर या बाजूनं फाट्याकडं गेला.

दसऱ्याला संध्याकाळी तो माझ्या दारात आला. शेंद्र्यातलं सामान आवरून, पिशोरला जायच्या आधी मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. हातात आपट्याची पानं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणाला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. "मेस्त्री, माझ्या बाजूनं मालकासमोर बोलणारे तुम्ही एकलेच. माझ्याच हाताचा दोष असंल. तुमच्या कामात खोट निघणार नाय." मी सोनं घेतलं. त्याच्या डोक्यावर हातही ठेवला. थू त्या हातावर.

आठ दिवसांनी टिप्पर नव्या ड्रायव्हरसकट परत आला, थरथर वाढली होती. मी लेथवाल्याला न बोलावता दार लोटून घेतलं, शाफ्ट कापला, लेव्हल लावली, खडूची रेघ ओढली, सरळ जोडला. मालकाला सांगितलं, एक बेअरिंग खराब होतं. तो एक चक्कर मारून आला आणि मान तिरकी करून इंजिन ऐकत उभा राहिला.

"बघा मेस्त्री," तो म्हणाला, "ड्रायव्हर बदलला अन् गाडी कशी पाण्यावानी चालायला लागली. मी आधीच म्हणत व्हतो, दोष त्याच्यातच हाय."

"व्हय, मालक," मी म्हणालो.